मिरी, कात आणि शिराझ

शिराझचा ग्लास नाकाशी नेला की फळाच्या आधी मला मिरी येते. खलबत्त्यात नुकत्याच फोडलेल्या काळ्या मिरीचा कोरडा, जरा लाकडी असा वास. आमच्या ह्यांना तो येत नाही. एकाच बाटलीतून ओतलेली वाईन, पण त्यांना तिच्यात जांभूळ मिळतं, व्हॅनिला मिळतो, मिरी काही केल्या नाही. बरीच वर्षं आमचा यावर वाद चालायचा. त्याचं कारण मला पुढे वाचनात सापडलं. शिराझमधली मिरी ज्या रेणूमुळे येते तो ऑस्ट्रेलियातल्या वाईन संशोधकांनी शोधला आणि 2008 मध्ये जाहीर केला. त्याचं नाव रोटंडोन. काळ्या मिरीतही तोच असतो. एक लिटर वाईनमध्ये एका ग्रॅमचे सोळा अब्जांश इतका जरी असला तरी ज्यांना येतो त्यांना तो जाणवतो. पण त्याच चाचण्यांत साधारण पाचातल्या एका माणसाला तो कितीतरी जास्त प्रमाणात देऊनही आला नाही. तेव्हा ह्यांचंही खरं होतं आणि माझंही.

माझा धंदा मसाल्याचा आहे. भिवंडीत कल्याण नाक्याच्या बाजूला आमचा डंक आहे, मसाला कांडपाचा. होळी झाली की काल्हेर, पूर्णा, अंजूर, पडघा अशा गावांतून बायका भाजलेल्या मसाल्याचे डबे घेऊन येतात. बेडगी किती आणि संकेश्वरी किती, दगडफूल जास्त पडलंय का, जायपत्री जुनी आहे का, हे चिमूटभर मसाला तळहातावर चोळून, हाताच्या उबेने त्याचं तेल सुटलं की सांगायचं असतं. या सवयीमुळेच असेल, जड, गडद रेड वाईनने मला पहिल्यापासून धरून ठेवलं. तिच्यात जे वास असतात त्यातले निम्मे माझ्या बरण्यांत आहेत.

पण वासापासून सुरुवात करू नये, हे माझं ठाम मत. वाईन चाखायला शिकायचं म्हणजे ब्लॅकबेरी, कॅसिस, सीडार असली यादी पाठ करायची, असा पुष्कळांचा समज असतो आणि तिथेच ते थकतात. जे फळ आपण कधी हुंगलंच नाही त्याचं नाव घेऊन काय उपयोग? आधी तोंडात काय घडतंय ते बघावं. वाईन जिभेवर जड आहे की हलकी, तुरटपणा कुठे बसतो, आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं का, गिळल्यावर घशात ऊब किती येते, चव किती वेळ टिकते. या पाच गोष्टी कुणालाही सांगता येतात आणि चाखणाऱ्यांचं त्यांवर बऱ्यापैकी एकमत होतं. वासाचं नाव त्यानंतर.

वजन म्हणजे काय, ते आधी सांगते. पातळ सार आणि हाडं उकळून काढलेलं मटणाचं अळणी पाणी यांत जिभेला जो फरक कळतो, तोच हलक्या आणि भारी वाईनमध्ये असतो. हे वजन मुख्यतः अल्कोहोलमुळे येतं. हलक्या रेडमध्ये ते 12 टक्क्यांच्या आसपास असतं, भारी रेडमध्ये साडेतेरा-चौदा, कधी त्याहून थोडं वर. शिवाय द्राक्षाच्या सालीतून उतरलेले रंगद्रव्य, टॅनिन आणि इतर विरघळलेले पदार्थ. चौदा टक्क्यांच्या वाईनचा 150 मिलीचा भरलेला ग्लास म्हणजे अल्कोहोलच्या हिशेबात जवळजवळ 50 मिली व्हिस्की, हेही ध्यानात ठेवावं. चाखायला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाईन पुरते, आणि एकाहून जास्त बाटल्या चाखायच्या असतील तर तोंडात घोळवून टाकून द्यायची. जाणकार चाखणारे सर्रास थुंकतात, त्यात अपमान कुणाचाच नाही.

हे सगळं ठरतं ते बागेत. माझी बहीण दिंडोरी तालुक्यात दिलेली आहे. तिच्या सासरेबुवांची बाग थॉमसन आणि सोनाकाची, म्हणजे खायच्या द्राक्षांची. भाच्याने मात्र दोन एकरांवर शिराझ लावली. वाईनच्या द्राक्षांची ही शेती आपल्याकडे फार जुनी नाही. 1980 च्या दशकात श्याम चौगुले यांनी नारायणगावला वाईन काढायला सुरुवात केली, 1999 मध्ये राजीव सामंतांनी नाशिकजवळ सुला उभी केली आणि 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. मग नाशिककडे वायनऱ्यांची रांगच लागली. 2008 नंतरच्या मंदीत मागणी बसली तेव्हा कित्येकांनी वाईनच्या बागा उपटल्या. ज्यांनी टिकवल्या त्यांना मी फार मानते.

खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष शेजारी शेजारी ठेवून बघावं. थॉमसनच्या मण्याची फुगवण व्हावी म्हणून घडांना जीए या संजीवकाचं डिपिंग देतात. मणी लांब, साल पातळ, बी नाही. शिराझचा मणी हरभऱ्यापेक्षा थोडाच मोठा, काळा-निळा, साल जाड, आत बिया. गर बोटावर काढला तर तो जवळजवळ बिनरंगी असतो. रेड वाईनचा सगळा रंग आणि बराचसा तुरटपणा त्या सालीत असतो, म्हणून रेड वाईन सालींसकट आंबवतात. आंबताना साली वर येऊन जाड थर बनतो आणि तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, नाहीतर खालचा रस वरून फिरवून घालतात. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. भारी वाईनचं मूळ तिथे आहे.

वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. मग घड धरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोड येते. युरोपात नेमकं उलट. तिथे द्राक्ष उन्हाळ्यात भरतं आणि हवा थंड होत जाते तसतसं सावकाश पिकतं. आपल्याकडे ते निफाडच्या कडाक्याच्या थंडीत भरायला लागतं आणि तोडीच्या तोंडावर ऊन चढत जातं. शेवटच्या दिवसांत साखर धावते आणि आंबटपणा झपाट्याने उतरतो. भाचा रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब पिळून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतो. चोवीसच्या आसपास आलं की साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोलची तयारी झाली. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. एक मणी तोंडात टाकतो, गर चोखून घेतो आणि बी दाताखाली धरतो. बी तपकिरी झाली असेल आणि भाजक्या शेंगदाण्यासारखी कट्कन फुटत असेल तर टॅनिन पिकलं. हिरवट, चिवट, कडू लागली तर साखर झाली तरी द्राक्ष कच्चंच.

हे सांगायचं कारण, आपल्याकडच्या पुष्कळ भारी रेडमध्ये हीच खोट सापडते. घशात ऊब आहे, रंग गडद आहे, पण मागून कच्च्या बीचा कडवट तुरटपणा येतो. आंबटपणा कमी पडला तर वायनरी टार्टरिक आम्ल घालून तोल सांभाळू शकते. कच्चं टॅनिन मात्र पिकवता येत नाही. म्हणून चांगल्या आणि सुमार भारी रेडमधला फरक मी तुरटपणावरून ठरवते, रंगावरून किंवा किमतीवरून नाही.

हा तुरटपणा आपल्या लोकांना कुणी शिकवायची गरज नाही. सुपारी, कात, हिरडा, आवळा, डाळिंबाची साल, दाठर जांभूळ, हे सगळं आपण लहानपणापासून तोंडात घेतलेलं आहे. तुरट ही काही जिभेवरची चव नाही. लाळेत प्रथिनं असतात, त्यांनी तोंड निसरडं राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटून त्यांना बाजूला काढतं, मग गालाची आतली बाजू आणि हिरड्या कोरड्या, खरखरीत वाटतात. काताचा तुरटपणा ज्या कॅटेचिनमुळे असतो, तेच कॅटेचिन वाईनच्या टॅनिनच्या साखळीत कडी बनून असतं. फरक बघायचा तर तो साखळीत आणि पिकण्यात. मी तुरटपणा तीन जागी शोधते. वरच्या हिरडीवर बारीक, पिठासारखा बसला तर उत्तम. गालांना आतून ओढून धरला पण घोटाघोटाने सैल झाला तर वाईन तरुण आहे, थोडी हवा दिली की खुलेल. जिभेच्या मुळाशी कडू होऊन बसला आणि हललाच नाही, तर ते बीचं टॅनिन, त्याला इलाज नाही.

आता घरी बसून कसं चाखावं ते. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सगळीकडे छापलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, जुन्या दगडी घरातली. भारी रेडला 16 ते 18 अंश हवेत. भिवंडीत एप्रिलमध्ये रात्री दहालाही घरात तीसच्या खाली उतरत नाही. त्या उष्णतेत अल्कोहोल नाकात जातं, फळ दबतं, वाईन चिकट आणि बोजड लागते. तेव्हा बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा महाग ग्लास घेऊनही पडत नाही. ग्लास तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असला की झालं. तिसरा हिस्सासुद्धा भरू नये. बाटली तरुण असेल तर वाईन काचेच्या जगात ओतून अर्धा तास ठेवावी.

आधी न हलवता हुंगावं. मग ग्लास गोल फिरवून पुन्हा. मधे नाक थकतं. डंकावर आम्ही अशा वेळी बाहेर येऊन स्वतःच्या दंडाचा वास घेतो, वाईनलाही तो उपाय चालतो. मग मोठा घोट, तोंडभर फिरवायचा, दातांमधून थोडी हवा आत ओढायची, कारण तोंडातला वास घशाच्या मागून नाकात जातो आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं तिथे कळतं. गिळल्यावर किंवा टाकून दिल्यावर नाकाने श्वास सोडायचा आणि मनात आकडे मोजायचे. दहाच्या पुढे चव राहिली तर वाईन लांब पल्ल्याची.

वासाला नाव देताना डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नये. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात वाईनचं शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन दिली, मग तीच वाईन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. रंगवलेल्या वाईनचं वर्णन त्यांनी रेड वाईनच्या शब्दांत केलं. हा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. शिकणाऱ्यांचं असं होतं, तर आपण गडद रंग बघून आधीच जांभूळ ठरवतो यात नवल नाही. मी म्हणून पहिला वास डोळे मिटून घेते. या अभ्यासाच्याही आधी, 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे प्राध्यापक अ‍ॅन नोबल यांनी वासांचं एक चक्र केलं होतं. मधे ढोबळ गट, फळ, मसाला, लाकूड, माती, आणि बाहेरच्या कड्यात नेमकी नावं. त्यातली युक्ती मला फार पटते. आधी गट ठरवायचा. फळ असेल तर काळं की लाल, ताजं की सुकं की शिजवलेलं? मसाला असेल तर तिखट की गोड? एवढं जमलं की नाव आपोआप सुचतं, आणि ते आपल्या अंगणातलं सुचलं तर अधिक नेमकं असतं. काळं, ताजं, तुरट म्हणजे जांभूळ. काळं, आंबट, चिकाचं म्हणजे करवंद, कसाऱ्याच्या घाटात मे महिन्यात पानांच्या द्रोणात मिळतात तसं. सुकं आणि गोड असेल तर काळे मनुके किंवा खजूर.

लाकडाचे वास वेगळे ओळखता यायला हवेत, कारण ते द्राक्षाचे नसतात. भारी रेड बहुतेक ओकच्या पिंपांत मुरवतात, नेहमीचं पीप 225 लिटरचं. पीप बनवताना आतून आगीवर भाजतात. त्यातून व्हॅनिला येतो, ओल्या खोबऱ्याचा वास येतो, धूर येतो आणि लवंग येते. लवंगेतला युजेनॉल आणि ओकमधला युजेनॉल एकच. एकदा संध्याकाळी डंक बंद करताना मी भाच्याने दिलेली एक बाटली उघडली होती. आमच्याकडे कामाला असणाऱ्या मावशी दारू शिवत नाहीत, त्यांनी नुसता ग्लास हुंगला आणि म्हणाल्या, “वयनी, यान लवंग भाजून टाकलीय का?” कच्ची नाही, भाजलेली. पिंपाचं लाकूड भाजलेलं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. इतकं नेमकं वर्णन मी महागड्या मासिकांतही क्वचित वाचलंय.

दोन बाटल्यांबद्दल सविस्तर सांगते. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ. पहिला वास मिरी आणि व्हॅनिला, जांभूळ मागून. हवा लागली की दालचिनीच्या सालीसारखं गोड काहीतरी, त्याला थोडा धूर. तोंडात भरलेली, आंबटपणा बेताचा, टॅनिन पिठूळ आणि गोल. पीप थोडं पुढे आहे, मला ते अर्ध्या पायरीने मागे असतं तर जास्त आवडलं असतं. दुसरी अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते, सांजोव्हेजी आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांची. अकलूज म्हटलं की ऊस डोळ्यांसमोर येतो, पण तिथे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून द्राक्षं लावली आणि पिएरो मासी या टस्कनीतल्या अनुभवी वाईनकाराला आणलं. सेत्ते उघडल्या उघडल्या गप्प असते. जगात अर्धा तास राहिली की पिकलेलं करवंद, सुकं आमसूल, मग तंबाखूची पानं आणि नव्या चपलेचं चामडं. आंबटपणा खडा असल्यामुळे वजन असूनही बोजड होत नाही, आणि टॅनिन गालांना धरून हळूहळू सोडतं. माझ्या मते महाराष्ट्रात जड रेडचा तोल कसा असावा हे या बाटलीवरून शिकावं.

शिजलेली वाईनही ओळखता यायला हवी, आमच्या गावात तर विशेषच. भिवंडीची गोदामं देशभर माल पाठवतात, पण पत्र्याखालचा उन्हाळा काय असतो हे मला माझ्या मसाल्यांवरून माहीत आहे. जायपत्री दोन महिन्यांत मुकी होते. वाईनचंही तसंच. एका दुकानातून आणलेल्या कॅबर्नेचं बूच तोंडाच्या जरा वर आलेलं होतं. आतली वाईन उकडलेल्या मनुक्यांची, ताजं फळ उरलंच नव्हतं, रंग कडेला विटकरी. बूच वर आलेलं दिसलं, बाटली उन्हात किंवा दिव्याखाली उभी दिसली तर घेऊ नये. आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून आम्हाला एक सोय झाली आहे. आमणे आमच्याच तालुक्यातलं. सांजेगाव आणि कावनईच्या वायनऱ्या इगतपुरी तालुक्यात आहेत. तिथे जाऊन, तिथल्या गार तळघरातून बाटली घ्यावी, चालवणाऱ्याने चाखू नये, आणि बाटली डिकीत न ठेवता एसी लावलेल्या गाडीत पायाशी ठेवून आणावी.

राहिलं जेवण. टॅनिनला प्रथिनं आणि चरबी मिळाली की ते लाळेतल्या प्रथिनांच्या मागे कमी लागतं, म्हणून मटणाबरोबर तुरट वाईन मऊ लागते. पण आगरी मटण आमच्या नेहमीच्या तिखटाने केलं तर वाईनचं अल्कोहोल मिरचीची आग आणखी भडकवतं आणि दोन्हीची चव जाते. मी त्या दिवशी मसाल्यात बेडगी वाढवते, संकेश्वरी निम्म्याने कमी करते, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण सढळ घालते आणि मटण चरबीसकट सुकं करते. सोबत तांदळाची भाकरी. दगडफुलाचा मातकट वास आणि पिंपातली लवंग एकमेकांना फार छान धरतात. आमसूल घातलेला रस्सा मात्र नको, त्या आंबटपणापुढे वाईन पोकळ लागते.

आणि मासळीबरोबर भारी रेड अजिबात नको. जपानमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की मासळीबरोबर रेड प्यायल्यावर जी हिंवस चव मागे राहते तिचं कारण वाईनमधलं लोह आहे, लोह जितकं जास्त तितकी ती चव जास्त. बोंबील, कोळंबी, सुकट असलेल्या दिवशी आमच्याकडे गार शेनिन ब्लां उघडते.